बाभळीवरचं लुगडं

तुम्ही खोटं लिहिलंत, साहेब. सही करून, शिक्का मारून, जावक क्रमांक घालून खोटं लिहिलंत. मी तीन पानांचा अर्ज केला, तुमचं उत्तर तीन ओळींचं. 'अर्जात नमूद केलेली घटना घडल्याचे या कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाही. हानी : निरंक. सबब प्रकरण दप्तरी दाखल.' आढळणार कसं? अभिलेख तुमचे, लिहिणारे तुम्ही, आणि त्या सकाळी नाल्यावर तुमच्यातलं कुत्रंसुद्धा नव्हतं. मी होतो. मी पितांबर, मुक्काम यावल, शिक्षण सातवी, कपाशीवर औषध फवारणाऱ्या विमानाच्या झेंडीवाल्यांचा मुकादम. दोन विमानं एकमेकांच्या पोटाला पोट लावून गेली ती माझ्या डोक्यावरून. त्यांच्यातलं अंतर मी मोजलेलं नाही, पण मला ते रोज दिसतं. बैलगाडीचं जू आडवं धरलं तर बसलं असतं, उभं धरलं तर नसतं. हे अंतर तुमच्या अभिलेखात नाही, कारण दोन विमानं आपटली नाहीत. आपटली असती तर तुम्ही आला असता, फिता घेऊन, पंचनामा करायला. वाचलं त्याची नोंद नसते, हे मला तुमच्या शेती कचेरीच्या खिडकीशी कळलं, आज, शनिवारी, सकाळी साडेदहाला, तुमच्या कारकुनानं तो कागद दोन बोटांनी माझ्याकडे सरकवला तेव्हा.

कागद घेऊन मी रस्त्यावर आलो. वाचत चाललो होतो, तोही दोष माझाच म्हणा. समोरून एक माणूस सायकल हातात धरून येत होता, कॅरिअरवर केळीचे दोन घड आडवे बांधलेले, त्यामुळे तो सायकलीसकट चांगलाच रुंद झालेला. मी त्याला वाट द्यायला एका बाजूला झालो, तोही त्याच बाजूला झाला. मी दुसऱ्या बाजूला, तोही तिकडेच. तो हसला. मीही हसलो असतो, कोणीही हसतं, जळगावच्या बाजारात असं दिवसातून दहा वेळा होतं. तिसऱ्यांदा आम्ही दोघं पुन्हा एकाच बाजूला आलो आणि माझ्या अंगातून काहीतरी सुटलं. मी भर रस्त्यात पालथा पडलो. पडलो नाही, स्वतःला पाडलं. हात पुढं, तोंड धुळीत, कागद मुठीत. मला खरोखर वरून गरम वारा गेल्यासारखा वाटला आणि डोळ्यांत औषधाची आग. मग कानात हळूहळू बाजार परत आला. केळीवाला वाकून म्हणाला, "काय व्हयनं भाऊ? चक्कर उनी का?" दुसरा कोणीतरी म्हणाला, "याले फिट येस वाटतं. कांदा हुंगाडा." तिसरा म्हणाला, "कांदा कशाले, जोडा हुंगाडा," आणि चारजण हसले. मी उठलो, शर्ट झटकला. केळीवाल्याला विचारलं, "तू डावीकडं का नाही वळलास?" तो म्हणाला, "तुम्ही बी तर तिकडंच उनात ना भाऊ. माले काय माहीत तुमना मनमा काय शे." बरोबर बोलला तो. एवढं बरोबर तुमच्या तीन ओळींत एक अक्षर नाही.

माझ्या मनात काय आहे हे समोरच्याला माहीत नाही आणि समोरच्याच्या मनात काय आहे हे मला माहीत नाही. भंवरलालनं मला हे दोन हातांनी दाखवलं होतं. भंवरलाल म्हणजे आमच्या विमानाचा कॅप्टन, कापड बाजारातल्या घेवरचंदशेठचा धाकटा. मारवाड्याच्या पोरानं गादीवर बसून कापड मोजायचं सोडून विमान शिकावं, याचं गावाला नवल. आणि विमान शिकून किडे मारावेत, याचं त्याच्या आईला दुःख. जैनाचा मुलगा, सकाळी सहाला देवदर्शन करून निघतो आणि सातला एरंडोलजवळच्या माळावरून उडून तुडतुडे आणि मावा मारतो, लाखांनी. तो स्वतः म्हणायचा, "पितांबर, माझा हिशोब वर फार मोठा लिहिला जातोय." त्यानं मला जीपच्या बोनेटवर दोन तळवे समोरासमोर ठेवून सांगितलं की आकाशात रस्ता नसतो, पण नियम असतो. समोरासमोर आलात तर दोघांनी आपापल्या उजवीकडं वळायचं. त्याचा एक तळवा इकडं गेला, दुसरा तिकडं. मी म्हणालो, "रस्त्यावर आपण डावीकडनं चालतो." तो म्हणाला, "म्हणून तर तुला सांगतोय. आकाश आपल्या नगरपालिकेत येत नाही." मग त्यानं एक तळवा उजवीकडं नेला आणि दुसरा डावीकडं नेला, ते दोन्ही एकाच बाजूला गेले आणि एकमेकांवर आपटले. "हे असं," तो म्हणाला, आणि टाळी वाजवल्यासारखा आवाज झाला. धावपट्टीवर चहा पिणारे चार झेंडीवाले दचकून बघायला लागले.

आमचं काम तुम्हाला माहीत नाही, म्हणून सांगतो. कागदावर तुम्ही 'हवाई फवारणी, इतके एकर' लिहिता. शेतात काय होतं ते असं : विमान कपाशीच्या वर दहा फुटांवरून येतं, माणसाच्या टोपीला वारा लागेल इतकं खाली. वैमानिकाला कळत नाही कुठली ओळ झाली, कुठली राहिली, कारण वरून बठ्ठं, म्हणजे सगळंच, हिरवं. म्हणून शेताच्या दोन टोकांना दोन माणसं बांबूला पांढरं फडकं बांधून उभी राहतात. विमान त्या दोन झेंड्यांच्या रेषेत येतं, औषध सोडत जातं. ते गेलं की झेंडीवाला वाऱ्याच्या दिशेला तोंड करून वीस पावलं मोजतो आणि पुन्हा उभा राहतो. असं सकाळभर. झेंडी उभी म्हणजे ये. झेंडी आडवी पडली म्हणजे येऊ नको, वर उठ. एवढीच आमची भाषा. विमानात रेडिओ नाही. ठेकेदार म्हणतो रेडिओच्या वजनात तेवढं औषध मावतं.

आणि पारोळ्याच्या पलीकडं, जिथं जळगाव जिल्हा संपतो आणि धुळं सुरू होतं, तिथं एक नाला आहे. नाल्याला दोन्ही काठांनी बाभळी आणि आंब्याची जुनी झाडं, तीस-पस्तीस फूट उंच, भिंतीसारखी दाट. अलीकडची कपाशी आमच्या विमानाची, पलीकडची धुळ्याच्या विमानाची. आमचं पिवळं, त्यांचं निळं, ठेकेदार वेगळे, मालक वेगळे. आमचं विमान पूर्वेकडून जमिनीलगत येतं, नाल्यापाशी झाडांवरून उसळी घेतं आणि वळतं. त्यांचं पश्चिमेकडून येतं, तेही नाल्यापाशीच उसळी घेतं आणि वळतं. झाडांच्या भिंतीमुळं दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही, दिसतं तेव्हा दोघंही हवेत उसळलेले असतात. आणि वळतात कुठं? नियम उजवीकडं म्हणतो, पण फवारणीवाले वळतात वाऱ्याच्या सोबतीनं, वारा जाईल तिकडं आधी, मग फिरून परत. सगळे तसंच करतात, कारण वळण सोपं पडतं. वारा दोघांना एकच. दक्षिणेचा वारा असला की दोघंही उत्तरेला वळणार. एकाचं ते उजवं, दुसऱ्याचं डावं. दोन तळवे, एकच बाजू. ही गोष्ट मी, सातवी शिकलेला माणूस, हंगामाच्या आधी तुम्हाला कळवली होती. जुलैमधला माझा पहिला अर्ज काढून बघा. दोन विमानांना दिवस वाटून द्या, एवढंच मागितलं होतं. तुमचा कारकून भिंतीवरच्या नकाशाजवळ गेला, बोट नाल्यापर्यंत आणलं आणि म्हणाला, "आपली हद्द इथपर्यंत. पलीकडचं आम्हाला काय विचारता?" मी बघितलं. नाल्यापलीकडं तुमच्या नकाशात काही नाही. गाव नाही, शेत नाही, झाड नाही, नुसता पांढरा कागद. साहेब, मी नंतर शप्पथ घेऊन सांगतो लोकांना, त्या कोऱ्या कागदातून विमान आलं.

तुम्ही काही केलं नाही म्हणून आम्ही केलं. पलीकडच्या झेंडीवाल्यांचा मुकादम कौतिकआबा, साठीचा, गुडघ्यानं अधू, तंबाखूची चंची कमरेला. आम्ही नाल्यात भेटलो, तो त्याच्या काठावरून उतरला, मी माझ्या. आबा म्हणाला, "दोन जावायांना एकच पाट दिधा या सायबांनी. आते बसाडनारा आपण." आम्ही ठरवलं : उत्तरेकडच्या टोकाला, जिथं पायवाट नाल्यात उतरते, तिथं एक मोठी बाभूळ आहे, ती दोन्ही बाजूंनी लांबून दिसते. सकाळी जो आधी येईल त्यानं बाभळीवर लाल कापड टांगायचं. कापड दिसलं की दुसऱ्यानं आपलं विमान नाल्यापासून लांबच्या शेतात न्यायचं. काम झालं की कापड काढायचं, मग दुसऱ्यानं यायचं. लाल कापड कुठलं, तर माझ्या बायकोचं जुनं लुगडं. कमलबाई म्हणाली, "इमान काय लुगडं ओळखतं?" मी म्हणालो, "माणूस ओळखतो." ती म्हणाली, "पुरुषमाणसाला लुगडं दिसतं बरोबर." पाच आठवडे ते लुगडं दोन विमानांच्या मधे उभं होतं. पाच आठवडे, साहेब, दोन जिल्ह्यांची हद्द, दोन ठेकेदार, दोन वैमानिकांचे जीव एका विटक्या लुगड्यानं सांभाळले, आणि कोणाला खरचटलं नाही. त्याचीही नोंद तुमच्याकडं निरंकच असेल.

मग कानबाईचा सोमवार आला. तुम्ही बाहेरच्या जिल्ह्यातून बदलून आलेले, तुम्हाला कानबाई माहीत नसेल. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडं घरोघर ती बसते, नारळाला डोळे लावून, नथ घालून, लुगडं नेसवून. नैवेद्याचे रोट होतात, भाऊबंद गोळा होतात, आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत ती पाण्याला जाते. त्या दिवशी माझ्या माणसांनी सुट्टी मागितली, मी दिली नाही. मावा पसरत होता, आणि भंवरलालला पुढं जैनांच्या पर्युषणात आठ दिवस उडायचं नव्हतं, म्हणून काम उरकायची घाई होती. साडेसहाला मी लुगडं टांगलं. उत्तरेकडून सुरुवात केली, वारा दक्षिणेचा, हलका. प्रत्येक फेरीला वीस पावलं दक्षिणेला, बाभळीपासून लांब, लांब. मी नाल्याच्या टोकाला स्वतः झेंडी धरून होतो, दुसऱ्या टोकाला निंबा, मुकाट्यानं काम करणारा माणूस. पंधरा-सोळा फेऱ्या झाल्या असतील. उत्तरेकडून ढोल ऐकू यायला लागला, बायकांची गाणी, मिरवणूक पायवाटेनं नाल्याकडं उतरत होती. मी बघितलंसुद्धा, डोक्यावरचे पाट, त्यावर झगमगणारं काहीतरी. बरं वाटलं. आईची आठवण आली. यावलला आमच्या गल्लीत ती कानबाईच्या पुढं नाचायची, एरवी घराबाहेर आवाज न काढणारी बाई, त्या एका सकाळी केस सोडून नाचायची आणि दुपारी पुन्हा चुलीपाशी, जसं काही झालंच नाही. मी लहानपणी विचारायचो, आई, सकाळी तू कोण होतीस? ती म्हणायची, गप बैस. मी त्या ढोलात आईचे पाय शोधत होतो आणि वीस पावलं मोजत होतो.

तिथं काय झालं ते मला दुपारी कळलं. मिरवणुकीच्या पुढं एक म्हातारी होती, पुष्पाबाई, तिला बाभळीवर लाल लुगडं दिसलं. कानबाईच्या वाटेवर, कानबाईच्या दिवशी, लाल लुगडं. कोणीतरी नवस फेडला असणार, दुसरा विचार खानदेशातल्या कुठल्या बाईच्या मनात येईल? तिनं हात जोडले, लुगडं काढलं, झटकलं, घडी घातली आणि कानबाईच्या पाटावर ठेवलं. मी नंतर तिच्या घरी गेलो तेव्हा ती म्हणाली, "बाईनी वाटवर टांगेल व्हतं. ते तिनंच ना, भाऊ?" तिनं मला रोटाचा तुकडा दिला. मी खाल्ला.

आणि एक गोष्ट. ती मी अर्जात लिहिली नाही, तीन पानांत कुठंच नाही. बाभूळ काटेरी. पहिले काही दिवस मी वर चढून शेंड्याला लुगडं बांधायचो, हात सोलून निघायचे. मग खालच्या फांदीवर टांगायला लागलो, माणसाचा हात पोचेल अशा. लांबून दिसत होतं, आबाही काही म्हणाला नाही. शेंड्याला असतं तर पुष्पाबाईचा हात पोचला नसता. माझी चूक ही आहे. काट्यांना भ्यालो. मी ती इथं लिहितो, सही करतो, तुम्हाला हवी तर फाईलला लावा. माझ्या बाजूचं मी उत्तर दिलं.

पलीकडं कौतिकआबाची माणसं उशिरा आली, त्यांच्याही घरी कानबाई होती. आबानं बाभळीकडं बघितलं. लाल काही नाही. ढोलाच्या आवाजात आमच्या विमानाची घरघर बुडलेली, आणि मधे झाडांची भिंत. आबा मला नंतर म्हणाला, डोळ्यांत पाणी आणून, "तुनं लुगडं दिखनं नही रे भाऊ. माले वाटनं, कानबाईना दिन, जळगाववालासनी बी सुट्टी करी." त्यानं झेंडी उभी केली.

मी बाविसावी फेरी मोजत होतो. पूर्वेकडून भंवरलाल येत होता, कपाशीला चिकटून, मागं पांढरा पडदा. विमान आपल्याकडं येतं तेव्हा आधी ते हलतच नाही, नुसतं मोठं होत जातं, तुळशीच्या पानाएवढं, वडाच्या पानाएवढं, सुपाएवढं. आवाज आधी दातांत येतो. त्या दिवशी दातांत दोन आवाज होते. कानात नव्हते, कानात ढोल होता. पण खालच्या दाढेत एक घरघर होती ती ओळखीची, आणि वरच्या दाढेत दुसरी, किंचित बारीक, पाठीमागून. मी वळून बाभळीकडं बघितलं. हिरवी. नुसती हिरवी बाभूळ, इतकी हिरवी की मला ती बाभूळ वाटेचना, कोणीतरी दुसरंच झाड आणून उभं केलंय असं वाटलं. त्या क्षणाला किती वेळ लागला सांगता येत नाही. त्यात मला दोन तळवे दिसले, टाळीचा आवाज आला, आईचे सोडलेले केस दिसले, आणि ओरडून उपयोग नाही हे कळलं. मी झेंडी घेऊन आडवा पडलो. ढेकळात तोंड खुपसलं, मग मान फिरवून वर बघितलं, कारण बघितल्याशिवाय राहवेना.

भंवरलालनं झेंडी पडलेली बघितली आणि झाडांच्या पुष्कळ अलीकडंच नाक वर उचललं. पिवळं पोट माझ्यावरून उभं चढत गेलं. तेवढ्यात झाडांवरून निळं विमान उसळलं, पंख उत्तरेकडं कलंडलेला, औषध अजून सुटतंच होतं. ते पिवळ्याच्या खालून गेलं. पिवळ्याच्या चाकांची सावली निळ्याच्या पंखावरून सरकली, मी बघितली. सावली आणि चाक यांच्यात जे काही होतं तेवढंच दोन घरांच्या आयुष्यात उरलेलं होतं. मग दुसऱ्याचं औषध माझ्या तोंडावर पडलं, डोळे मिटले, आणि मी फक्त ऐकत राहिलो, आता फुटेल, आता फुटेल. फुटलं नाही. दोन आवाज दोन दिशांना गेले. ढोल वाजतच होता. तिथल्या कोणाला काही कळलं नव्हतं.

धावपट्टीवर भंवरलाल उतरून बसला होता, टोपीचा पट्टा त्याला सोडता येत नव्हता, बोटं ऐकत नव्हती. मी तो चाचपत सोडला. माझे डोळे सुजलेले, त्याला मी दिसत होतो, मला तो दिसत नव्हता. तो म्हणाला, "पितांबर, तू झोपलास म्हणून मी उठलो." आम्ही हसलो, फार हसलो, वेड्यासारखे. मग तो म्हणाला, "मी डावीकडं वळलो, बरं का. तुला शिकवलं उजवीकडं, आणि स्वतः डावीकडं. उजवीकडं वळलो असतो तर त्याच्यावर गेलो असतो. नियम पाळला असता तर मेलो असतो." मी ते वाक्य घरी नेलं. कित्येक दिवस ते माझ्याबरोबर जेवलं, माझ्याबरोबर पडलं. नियम चुकीचा नव्हता, साहेब. एकट्यानं पाळलेला नियम म्हणजे नुसती अंगातली खोड. दोघांनी पाळला तरच तो नियम, आणि दोघांना एकच गोष्ट सांगायला तिसरा लागतो. तो तिसरा तुम्ही. त्यासाठी तुम्हाला खुर्ची दिलेली आहे. खुर्ची रिकामी असती तर आम्ही समजलो असतो, आमचं आम्ही बघितलं असतं. तुम्ही बसलेले दिसता म्हणून लोक निर्धास्त राहतात.

पर्युषण झालं. संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी भंवरलाल माझ्या खोलीवर आला, पांढरे कपडे, कपाळाला केशराचा टिळा, आणि माझ्यापुढं हात जोडून म्हणाला, "मिच्छामि दुक्कडम्. जाणता-अजाणता माझ्याकडून तुला काही त्रास झाला असेल तर क्षमा कर." दरवर्षी ते सगळ्यांना म्हणतात, मला माहीत आहे. पण मला त्याच्याकडं बघवेना. मरता मरता वाचलेला माणूस क्षमा मागतो आहे. पुष्पाबाईनं सगळं कळल्यावर मागितली, कौतिकआबानं गुडघे दुखत असताना धुळ्याहून येऊन मागितली, मी स्वतःशी रोज मागतो. खानदेशातल्या यच्चयावत माणसांनी क्षमा मागून झाली. फक्त ज्यानं नकाशा कोरा ठेवला त्यानं लिहिलं, निरंक. भंवरलाल हात जोडून गेला त्याच दिवशी मी ती तीन पानं लिहायला बसलो होतो.

हे सगळं मी रस्त्यावरून उठून कापड बाजाराकडं चालताना माझ्या डोक्यात चाललं होतं, याच क्रमानं नाही, उलटसुलट. घेवरचंदशेठ गादीवर नव्हते, सुगनबाई होत्या, भंवरलालची आई, डोक्यावरून पदर, हातात गजाची पट्टी. म्हणाल्या, "काय रे पितांबर, शर्टाला धूळ? कुठं लोळला?"

"पडलो, बाई."

"पडला का कोणी पाडलं?" त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला. "आणि तोंड असं का? भंवर ठीक आहे ना?"

तेव्हा कळलं की भंवरलालनं घरी काही सांगितलेलं नाही. सोमवारपासून दुसरी फवारणी आहे, दोन्ही विमानं पुन्हा नाल्यावर येणार, आणि या बाईला माहीत नाही. न सांगता पाणी पिऊन निघावं असंही वाटलं. माझं तोंड गप्प बसायला शिकलेलं नाही. सांगितलं. लुगडं, कानबाई, दोन पोटं, सगळं. त्यांच्या हातातली गजाची पट्टी हलली नाही. मग मी कागद वाचून दाखवला.

"निरंक म्हणजे काय रे?"

"म्हणजे नुकसान काही झालं नाही."

"मग काय, व्हायला पाहिजे होतं?"

त्यांनी मागं वळून फडताळातून लाल कापडाचं ठाण काढलं, लालभडक, नवं. "हे घे. पूर्ण ठाण ने. शेंड्याला बांध." मी म्हणालो, "बाई, कापडानं आता भागणार नाही. कापड वारा नेतो, काटा फाडतो, देवाच्या नावानं कोणी नेतं. मला लिहून पाहिजे. कोणत्या दिवशी कोण उडणार आणि नाल्यावर कोणी कुठं वळायचं. सोमवारी लिहून हातात नसलं तर मी झेंडी उभी करणार नाही, आणि माझी माणसंही करणार नाहीत, आणि कौतिकआबाशी बोलून आलोय, तोही करणार नाही. झेंडी नाही तर विमान नाही. ठेकेदार मला काढेल. काढू दे." त्यांनी ठाण कागदात गुंडाळून माझ्या काखेत दिलं, चपला घातल्या, नोकराला म्हणाल्या दुकान बघ, आणि मला म्हणाल्या, "चल. मला दाखव तो माणूस."

तेव्हापासून आम्ही दोघं तुमच्या दारातल्या बाकावर बसलो आहोत, साहेब. शनिवार, अर्धा दिवस. कारकून दर दहा मिनिटांनी घड्याळाकडं बघतो. मघाशी तो सुगनबाईंना म्हणाला, "बाई, साहेब जेवायला गेलेत. दोनला कचेरी बंद. सोमवारी या." त्या म्हणाल्या, "जेवू दे. सावकाश जेवू दे. मी आत्ताच आठ दिवस नुसत्या पाण्यावर काढले, अजून दोन काढीन. सोमवारी सकाळी माझा मुलगा उडतो, तोवर इथंच आहे." तो म्हणाला, "कुलूप लावायचंय." त्या म्हणाल्या, "लाव की. आम्ही बाहेरच्या बाजूला आहोत." मग त्यानं भिंतीवरचा नकाशा बघितल्यासारखं केलं. मला हसू आलं. मी ठाणाला गुंडाळलेला कागद सोडून घेतला आणि त्यावर हे लिहितो आहे, कारण तुमच्या कागदाची पाठ केव्हाच भरली. डोळे अजून चुरचुरतात, अक्षर मोठं काढावं लागतं, वाचायला तुम्हाला बरंच आहे.

हा अर्ज नाही. अर्ज दप्तरी दाखल होतात. हा एक प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर एका ओळीत मावतं. तुम्हाला मी चुकलो म्हणायचं असेल तर म्हणा, माझी चूक वर लिहिलेली आहे, काट्यांसकट. आता तुमची पाळी. जेवण झालं असेल, तोंड पुसून दारात या, या बाईच्या तोंडाकडं बघा आणि सांगा : सोमवारी सकाळी सात वाजता नाल्याच्या झाडांवरून एक पिवळं आणि एक निळं विमान एकाच वेळी उसळलं, तर कोणी कुठं वळायचं? आणि ते त्या दोघांना आजच्या आज कोण सांगणार आहे? लिहून द्या. खाली सही करा.